आठवी-नववीला पैशांचे व्यवहार शिकवायचेत: बँक, पोस्ट, बचत गट यांना शाळेत कसं जोडावं?

चोपडा_माध्यमिक

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातली अनुदानित माध्यमिक शाळा आहे. आठवी-नववीच्या दोन-दोन तुकड्या, साधारण १७० मुलं. पालकांत शेतमजूर आणि सालदार (वर्षाच्या करारावर शेतात राबणारे) जास्त, थोडे केळीवाले बागायतदार. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पावरा आदिवासी मुलंही बऱ्यापैकी आहेत.

पुस्तकात विषय आहेच. सातवीला ‘बँक व सरळव्याज’, आठवीला चक्रवाढ व्याज, नववी-दहावीला ‘अर्थनियोजन’. मुलं गणितं सोडवतात, पण पैसे भरायची स्लिप हातात दिली की गोंधळतात. म्हणून यंदा गावातली बँक शाखा, पोस्ट, एक महिला ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ) आणि जवळचं कॉमर्स कॉलेज यांना सोबत घ्यायचं ठरतंय. चौघांनीही तोंडी होकार दिलाय. आता अडतंय ते इथे:

कोणाला नेमकं काय काम द्यायचं? सगळे ‘बचतीचं महत्त्व’ यावरच बोलायला तयार आहेत.

सगळ्या मुलांची खाती उघडून टाकावीत का? शाखा म्हणते एका दिवसात कॅम्प लावू.

जुन्या संचयिकेसारखी (शाळेत चालणारी मुलांची बचत बँक) शाळेत बचत पेटी सुरू करावी, असं काही शिक्षकांचं मत आहे. करावी का?

दोन पालक विमा एजंट आहेत, त्यांनाही ‘मार्गदर्शन’ करायचंय. नाही कसं म्हणायचं?

हाताशी पैसे जवळपास नाहीत. झेरॉक्सपुरते निघतील.

---

शाखेतला_माणूस

सर, पहिली गोष्ट: तोंडी होकारावर राहू नका. शाखाधिकारी बदलून जातो आणि नव्याला काहीच माहीत नसतं. शाखेला पत्र द्या, त्याची एक प्रत अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना पाठवा. जळगाव जिल्ह्याची अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया आहे, त्यांचं आर्थिक साक्षरता केंद्र असतं आणि तिथे समुपदेशक असतो. तो पगारी असतो, त्याला मानधन द्यावं लागत नाही. शालेय विद्यार्थी हा या केंद्रांसाठी रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या पाच लक्ष्यगटांपैकी एक आहे. बाकीचे चार शेतकरी, छोटे उद्योजक, बचत गट आणि ज्येष्ठ नागरिक. ग्रामीण शाखांनाही दर महिन्याला शिबिर घ्यावं लागतं. म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे उपकार मागत नाही, त्यांच्या कामाचीच सोय करून देताय. पत्रात तसंच लिहा.

पत्रात तारीख, इयत्ता, मुलांची संख्या, तासाची वेळ आणि एकच विषय लिहा. विषय मोकळा सोडला की येणारा माणूस ‘बचतीचं महत्त्व’ यावरच बोलणार, कारण त्याला तयारी लागत नाही. ‘पैसे भरायची स्लिप, पैसे काढायची स्लिप आणि चेक भरून दाखवणे, ४० मिनिटे, १७० कोऱ्या स्लिपा सोबत आणणे’ असं लिहिलंत तर तो तेवढंच करतो आणि चांगलं करतो.

स्लिपा भरताना मुलं कुठे चुकतात ते आधीच सांगतो. अक्षरी रक्कम. २,१०० ला ‘एकवीसशे’ लिहितात, ‘दोन हजार शंभर’ हवं. चेकवर अक्षरी रकमेच्या पुढे ‘फक्त’ लिहून रेघ ओढत नाहीत. तारीख विसरतात, आणि चेक तारखेपासून तीनच महिने चालतो हे कोणालाच माहीत नसतं. दोन तिरप्या रेघा मारल्या की पैसे रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात, हेही फळ्यावर करून दाखवायची गोष्ट आहे.

शाखेची भेट ठेवायची असेल तर दुसरा आणि चौथा शनिवार सोडून, कारण त्या दिवशी बँका बंद असतात. आठवडे बाजाराचा दिवस टाळा, महिन्याचे पहिले आठ दिवसही टाळा, पेन्शनची गर्दी असते. एका वेळी ४०च्या वर मुलं आणू नका, काउंटरपाशी मागच्यांना काही दिसत नाही.

खात्यांबद्दल: दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये ही सूचना नव्याने दिली. रक्कम किती, एटीएम द्यायचं की नाही, हे ज्या त्या बँकेचं धोरण. दहाच्या आतल्याचं खातं पालकाच्या मार्फत. कमीत कमी शिल्लक नको असेल तर बेसिक बचत खातं मागा. कॅम्प लावायला आमची ना नाही.

---

हिशोबनीस_धुळे

कॅम्पची घाई करू नका. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

बहुतेक मुलांचं आधीच एखादं खातं असतं, शिष्यवृत्तीसाठी पाचवीत-सहावीत उघडलेलं. सरकारी पैसे थेट जमा होतात ते आधारशी ज्या शेवटच्या खात्याचं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग, म्हणजे ‘पैसे याच खात्यात यावेत’ अशी नोंद, झालंय त्या खात्यात. तुम्ही कॅम्पमध्ये नवीन खातं उघडलंत, फॉर्मवरच्या डीबीटीच्या चौकोनात सरसकट टिक केलीत, की मुलाची शिष्यवृत्ती जुन्या खात्यातून नव्याकडे वळते. पालक जुनं पासबुक घेऊन बँकेत चकरा मारतात, बँक म्हणते पैसे आलेच नाहीत. ‘आधार लिंक आहे ना’ एवढं विचारून भागत नाही. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीड असणं वेगळं. ‘माय आधार’च्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं, फक्त आधारला लावलेला मोबाइल जवळ हवा, ओटीपी त्यावर येतो.

म्हणून आधी पाहणी. एका कागदावर चारच रकाने: खातं आहे का, कोणत्या बँकेत, पासबुकात शेवटची नोंद कधीची, शिष्यवृत्ती कोणत्या खात्यात येते. खातेक्रमांक मागू नका, आधारची प्रत तर नकोच. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांची आधार कार्डं टाकायला सांगणाऱ्या शाळा आहेत, ते ताबडतोब बंद करायला हवं. बँकेला लागली तर पालकाने बँकेतच द्यावी.

जुनं खातं ‘बंद पडलंय’ असं पालक सांगतील. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. पण शिष्यवृत्ती किंवा डीबीटीसाठी उघडलेली खाती निष्क्रिय करू नयेत, त्यांना किमान शिल्लकीचा दंड लावू नये, आणि कोणतंही निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला पैसे घेऊ नयेत, असं रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलंय. केवायसीची (ओळख-पत्त्याची) कागदं द्या, खातं उठतं. खरोखर ज्यांचं खातंच नाही अशा मुलांचाच कॅम्प लावा.

त्यातही फॉर्म परत येण्याची कारणं ठरलेली असतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची वेगळी (पूर्वी पहिलीत घालताना सरसकट १ जून टाकायची पद्धत होती, तिची फळं आजही निघतात). पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते दिलेले नसले तर अंगठा जुळत नाही. आणि पालकाकडे पॅन नसेल तर त्याऐवजी घोषणेचा फॉर्म लागतो, तो कॅम्पच्या दिवशी हमखास संपलेला असतो. आठ दिवस आधी वर्गशिक्षकाने दाखला आणि आधार शेजारी ठेवून नुसतं नजरेने जुळवून पाहिलं तरी निम्मी रड मिटते.

बचत पेटी: नको. शाळेने मुलांचे पैसे स्वतःकडे ठेवले की हिशेबाची जबाबदारी मुख्याध्यापकावर येते, आणि रोख रकमेत दहा रुपयांचाही फरक पडला तर गावात बोभाटा. ठेव म्हणून पैसे घेणं हे शाळेचं काम नाहीच. त्याऐवजी पोस्टमन किंवा बँक मित्र (गावात बँकेचे व्यवहार करणारा प्रतिनिधी) पंधरा दिवसांतून एकदा मधल्या सुट्टीत यावा, मुलाने आपल्या खात्यात आपल्या हाताने पैसे भरावेत आणि छापील पावती घेऊनच बाजूला व्हावं. पावती मागायची सवय हाच तिथला धडा. ‘मशीनला रोल नाही’ म्हणाला तर पैसे परत घ्यायचे, पुढच्या वेळी भरायचे. गावातल्या मोठ्या माणसांचे अंगठे लावून कमी पैसे हातात देण्याचे प्रकार याच ठिकाणी होतात, म्हणून आग्रह धरतोय.

पोस्टाची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून आहे, मुदत पाच वर्षं, दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावे उघडू शकतं. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी ६,००० रुपयांचे सुमारे ७,१३७ होतात. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड, आणि लागोपाठ चार चुकले की पुढे खातं खंडित. मजूर घरातल्या मुलाला हे आधी सांगितलं नाही तर आवर्ती ठेव त्याच्यासाठी शिक्षा ठरते. त्याला साधं बचत खातंच बरं.

एक विनंती: कोणी किती साठवले याचा तक्ता नावानिशी वर्गात लावू नका. कारण सांगायला नको.

विमा एजंटांचं काय करायचं ते खाली कोणीतरी लिहीलच. मी फक्त पतसंस्थांबद्दल लिहितो, कारण आपल्या खान्देशात पतसंस्थेत पैसे अडकलेलं घर सापडायला फार फिरावं लागत नाही. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचा) विमा आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो १ लाखाचा ५ लाख झाला. पतसंस्थेला हा विमा नाही, मग तिच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. पिग्मी, भिशी, पतसंस्था, सहकारी बँक, राष्ट्रीयीकृत बँक, पोस्ट अशी सहा नावं फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, संस्था बुडाली तर पैसे कोण देणार? या एका तासावर घरी रात्री चर्चा होते. कोणत्याही पतसंस्थेचं नाव घेऊ नका, वर्गात तिच्या संचालकाची नात बसलेली असू शकते. एखादी कंपनी ठेवी घ्यायला पात्र आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहता येतं, ते कॉम्प्युटर लॅबमध्ये करून दाखवा.

---

सीआरपी_ताई_शिरपूर

प्रश्न बराबर शे, भाऊ.

बचत गटाला बोलवाल तर भाषण करायला लावू नका. बायांना रजिस्टर घेऊन बोलवा. गटाचं कर्ज रजिस्टर म्हणजे खरी माणसं, खरे आकडे. नावांवर कागद लावून एका पानाची झेरॉक्स काढा: मुद्दल, तारीख, व्याज, परतफेड, शिल्लक. गटात अंतर्गत कर्ज बहुतेक शेकडा एक-दोनने असतं. सावकाराचा शेकडा तीन-पाच मुलांना घरून माहीत असतो. ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला शंभरामागे तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, ही उडी मात्र आठवीतल्या मुलांना आपणहून मारता येत नाही. ती मारून घ्या.

१०,००० रुपये, आठ महिने. सावकार शेकडा तीनने २,४०० घेतो. गट शेकडा दोनने १,६००. पीककर्ज मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत आपल्या राज्यात शेतकऱ्याला व्याज शून्य, मुदत चुकली की सवलत गेली. तिन्ही एका खाली एक लिहा. मग विचारा, तरी लोक सावकाराकडे का जातात? उत्तरं मुलंच देतात: रात्री दवाखाना लागला, जमीन नावावर नाही, जुनी बाकी आहे. ही उत्तरं चूक म्हणू नका, खरी आहेत. गट तिथे उपयोगी पडतो, कारण बैठक दर आठवड्याला आणि ओळख आधीची.

दुसरं, फायनान्स कंपनीच्या गटकर्जाचं गणित नववीला घ्याच. ३०,००० रुपये, बारा महिने, ‘फक्त १२ टक्के’. व्याज ३,६००, हप्ता २,८००. ऐकायला १२ टक्के, पण मुद्दल दर महिन्याला २,५००ने कमी होत असतं. पहिल्या महिन्यात आपल्याकडे ३०,००० असतात, शेवटच्या महिन्यात २,५००. बारा आकड्यांची सरासरी काढा, १६,२५० येते. वर्षभर सरासरी एवढेच पैसे वापरले आणि ३,६०० व्याज दिलं, म्हणजे २२ टक्क्यांच्या आसपास. कागदावर बारा ओळी लिहायला २० मिनिटं लागतात, पण त्यानंतर घरात आलेल्या कर्जाच्या कागदावर मुलगी ‘सपाट की घटतं?’ असं विचारते, म्हणजे व्याज सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर की उरलेल्या मुद्दलावर. कर्ज देणाऱ्याने एका पानाचा तपशील, त्यात खरा वार्षिक दर, द्यायलाच हवा असा नियम आहे. तो कागद मागायला शिकवा.

आणि पालक सभेला वडिलांऐवजी आईला बोलवा. नुसतं ‘आर्थिक साक्षरता’ असं नोटिशीवर लिहिलंत तर कोणी येणार नाही. ‘शिष्यवृत्तीचे पैसे कुठे जमा झाले ते पाहू, पासबुक आणा’ असं लिहा. कापूस वेचणीत, म्हणजे दिवाळीनंतर दीड-दोन महिने, दिवसा कोणी मिळत नाही. संध्याकाळी सातनंतर ठेवा, मंदिरासमोर किंवा समाज मंदिरात.

---

सातपुडा_मास्तर

अक्कलकुवा-धडगाव भागातल्या आश्रमशाळांच्या अंगाने थोडं, कारण तुमच्याकडे पावरा मुलं आहेत म्हणता.

ताईंनी सांगितलेलं शेकड्याचं गणित इकडे चालतं, पण त्याहून जास्त लागतो तो उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशेब. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्या कुटुंबांत मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हंगामभर ती फिटत राहते. किती फिटली हे फक्त मुकादमाच्या वहीत. मुलाला शिकवायचं ते एवढंच: आपलीही एक वही असावी, तारीख, किती टन, दर, किती कापले. सालदारांच्या मुलांसाठी तेच गणित आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) आखाजीपर्यंत मांडा. समजा साल १,२०,००० ठरलं, आखाजीला उचल ४०,०००, दर महिन्याला खर्ची ५,०००. वर्षाच्या शेवटी २०,००० निघायला हवेत. पंधरा खाडे असले तर दिवसाला ३२९ प्रमाणे ४,९३५ वजा, हातात १५,०६५. वादाची जागा नेमकी खाड्यांची असते: सणाचा दिवस खाडा धरायचा का, आजारपण धरायचं का? हे आखाजीलाच बोलून घ्यायचं असतं, हे मुलांच्या लक्षात आलं म्हणजे झालं.

भाषेचं म्हणाल तर बँकेतून येणारा माणूस ‘चक्रवाढ’, ‘नामनिर्देशन’ असे शब्द वापरतो. पावरी किंवा भिली बोलणारा एखादा दहावी-बारावी झालेला गावातला मुलगा शेजारी उभा करा. कॉलेजची मुलं यासाठी घ्या, भाषणांसाठी नको. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) किंवा समाजसंपर्काच्या तासांत त्यांना हे काम दाखवता येतं, म्हणून कॉलेज नाही म्हणत नाही. एका विद्यार्थ्याकडे आठ मुलं, तीन आठवडे तेच गट. दर वेळी नवी माणसं पाठवली तर सगळं ओळखीतच जातं.

डोंगरात नेटवर्क नाही म्हणून यूपीआय शिकवायचं नाही असं करू नका. ही मुलं बारावीला नंदुरबार, शहादा, सुरतला जातातच. कागदावरच शिकवा. तीन गोष्टी पुरेत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. फसवणूक झाली तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळं, कारण पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आणि तिसरी, जी शाळांत कोणी सांगत नाही: आपलं खातं किंवा सिम ‘थोड्या दिवसांसाठी, हजार-दोन हजार देतो’ म्हणून कोणाला वापरायला द्यायचं नाही. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरवतात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी. अकरावी-बारावीतली गरीब मुलं याला हेरली जातात, म्हणून नववीतच सांगा.

---

हिशोबनीस_धुळे

मास्तरांच्या तिसऱ्या मुद्द्याला दुजोरा.

एजंटांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ‘नाही’ म्हणायची गरजच पडू नये अशी सोय करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक ठराव घ्या: या उपक्रमात येणारी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था शाळेच्या आवारात योजना विकणार नाही, फॉर्म भरून घेणार नाही, मुलांची किंवा पालकांची नावं-फोन नंबर नेणार नाही, आपल्या ब्रँडची वही-पेन वाटणार नाही, आणि प्रत्येक तासाला वर्गशिक्षक हजर असेल. बँक, पोस्ट, सगळ्यांना तोच कागद. मग एजंट पालकाला तुम्ही नाही म्हणत नाही, ठराव म्हणतो. त्यांना खरंच मदत करायची असेल तर एक काम आहे, विमा दाव्याला लागणाऱ्या कागदांची यादी करून द्यायची. बघा किती उत्साह राहतो ते.

विमाही शिकवताच येतो, विकल्याशिवाय. मुलांना सांगा, घरच्या पासबुकात मे महिन्याच्या अखेरीला २० रुपये किंवा ४३६ रुपये कापलेले दिसतात का पहा. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ म्हणजे जीवन ज्योती, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. १ जून ते ३१ मे असं त्यांचं वर्ष असतं. कित्येक घरांत पैसे कापले जातात आणि विमा आहे हेच माहीत नसतं, माणूस गेल्यावर दावाच होत नाही. मुलाने पासबुक शाळेत आणायचं नाही, फक्त घरी पाहायचं आणि आईला दाखवायचं.

---

चोपडा_माध्यमिक

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. आता असं मांडतोय: जुलैत पाहणी आणि ठराव, ऑगस्टमध्ये बँकेच्या स्लिपा-चेक, सप्टेंबरला ग्रामसंघाचं रजिस्टर, दिवाळीआधी पतसंस्था-विम्याचा तास, जानेवारीत फसवणूक. ज्यांना खातं नाही त्यांचा छोटा कॅम्प ऑगस्टअखेर. आठवीला आनंददायी शनिवारचे तास वापरता येतील, त्यात दैनंदिन वित्तीय व्यवस्थापन हा विषय आहेच. नववीचं मात्र गणिताच्या तासांतूनच काढावं लागेल. दोन शंका: शिक्षकांना कोणी प्रशिक्षण देतं का? आणि मुलांना आलं की नाही हे कसं तपासायचं?

---

शाखेतला_माणूस

प्रशिक्षण आहे. नॅशनल सेंटर फॉर फायनान्शियल एज्युकेशन ही रिझर्व्ह बँक, सेबी (शेअर बाजाराची नियामक), विमा आणि पेन्शन नियामकांनी मिळून उभी केलेली संस्था. तिचा आठवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी कार्यक्रम असतो. शाळेने मागणी नोंदवायची. एकट्या शाळेने मागण्यापेक्षा केंद्रप्रमुखांकडून केंद्रातल्या चार-पाच माध्यमिक शाळांची मिळून मागणी गेली तर तारीख लवकर मिळते. सहावी ते दहावीसाठी त्यांच्या कार्यपुस्तिका आहेत, पण सगळी छापत बसू नका. बजेटची आणि कर्जाची पानं घ्या, म्युच्युअल फंडाची पानं नववीला थांबू शकतात. त्यांचीच सहावी ते बारावीसाठी परीक्षाही असते, नाव ‘एनफ्लॅट’. हौशी मुलांना बसवा, सगळ्यांना सक्ती नको.

तुमच्या वेळापत्रकात जानेवारीऐवजी फेब्रुवारी धरा. रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह फेब्रुवारीत असतो, त्या आठवड्यात समुपदेशक आणि शाखा दोन्ही वेळ काढून येतात, पोस्टरही तेच आणतात.

तपासायला लेखी परीक्षा नको. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच सहा कामं द्या: स्लिप भरणे, चेक भरणे, पासबुकाच्या पानावर ‘नावे’ पडलेल्या (खात्यातून वजा झालेल्या) रकमा ओळखणे, शेकडा दोनचा वार्षिक दर सांगणे, सपाट व्याजाच्या कर्जाचा खरा दर काढणे, आणि खोट्या मेसेजमधली फसवणुकीची ओळ अधोरेखित करणे. प्रत्येकाला ‘जमलं’ किंवा ‘नाही’ एवढंच. पासबुकाचं पान आमच्याकडून मागून घ्या, नाव-नंबर झाकून देतो. जमा आणि नावे यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, कारण पुष्कळ पासबुकांवर ‘सीआर’, ‘डीआर’ अशी इंग्रजी अक्षरं असतात.

---

सीआरपी_ताई_शिरपूर

सर, सप्टेंबरचा तास पोळा आणि गणपती बघून धरा. आणि ग्रामसंघाला नुसता निरोप नको, पत्र अध्यक्षबाईंच्या नावाने द्या. मासिक बैठकीत ते वाचलं जातं, मग रजिस्टर शाळेत न्यायला सगळ्या गटांची संमती तिथेच मिळते.